सर्व्हरवर कुठली आवृत्ती ठेवायची? पीएचपी ८.१ गेलं, मायएसक्यूएल ८.० निघालं, आपल्या चर्चास्थळांचं काय?

३१ डिसेंबर २०२५ ला पीएचपी ८.१ ची मुदत संपली. एप्रिल २०२६ मध्ये मायएसक्यूएल ८.० ची संपते आहे. चार महिन्यांच्या आत वेबच्या दोन मोठ्या खांबांच्या दोन लोकप्रिय आवृत्त्या निवृत्त होत आहेत. बातम्यांत याचा गाजावाजा नाही, कारण १ जानेवारीच्या सकाळी कुठलीच साइट बंद पडली नाही. सगळं काही आदल्या दिवशीसारखंच चालू होतं, आणि खरी अडचण तीच आहे.

ज्यांच्याकडे फोरम, म्हणजे चर्चास्थळ चालवायची जबाबदारी आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी स्वतः एका भटकंती मंडळाच्या चर्चास्थळाचं तांत्रिक काम फावल्या वेळात बघतो. त्यामुळे मला येणारे प्रश्न ठरलेले असतात: "सगळं नीट चाललंय, मग हात कशाला लावायचा?" आणि त्याच्या अगदी उलट, "सगळ्यात नवीन टाकून मोकळं होऊ या का?" माझं मत आधीच सांगून टाकतो: दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि गेल्या दोन वर्षांतल्या दोन घटनांनी ते दाखवून दिलं आहे.

मुदत संपते म्हणजे नेमकं काय होतं?

पीएचपीची दर वर्षी एक नवी शाखा येते: ८.१, ८.२, ८.३ अशी. प्रत्येक शाखेला पहिली दोन वर्षं सगळ्या प्रकारच्या दुरुस्त्या मिळतात आणि पुढची दोन वर्षं फक्त सुरक्षेच्या. पूर्वी हा दुसरा टप्पा एकाच वर्षाचा होता. २०२४ मध्ये नियम बदलला आणि मुदत वर्षअखेरीला संपवायची असं ठरलं. म्हणून आज हिशेब सोपा आहे:

- पीएचपी ८.२: सुरक्षा-दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत
- पीएचपी ८.३: ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत
- पीएचपी ८.४: ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत
- पीएचपी ८.५ (नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली): ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत

मुदत संपली की सॉफ्टवेअर बंद पडत नाही. फक्त यापुढे त्यात भोक सापडलं तर बुजवायला मूळ प्रकल्पातून कोणी येणार नाही. गाडीचा विमा संपल्यावरही गाडी चालते ना, तसंच. अपघात होईपर्यंत फरक कळत नाही.

पहिली घटना: जुनं ठेवलं, म्हणून अडकले

जून २०२४. तैवानच्या डेव्हकोर या कंपनीच्या संशोधकांना विंडोजवर सीजीआय पद्धतीने चालणाऱ्या पीएचपीमध्ये एक भोक सापडलं. नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-४५७७. विंडोज काही वेळा एका अक्षराच्या जागी त्याच्याशी "मिळतंजुळतं" दुसरं अक्षर ठेवतं. त्याचा फायदा घेऊन बाहेरचा माणूस थेट पीएचपीला आज्ञा देऊ शकत होता. गंमत म्हणजे याच प्रकारचं भोक २०१२ मध्ये बुजवलेलं होतं. नव्या भोकाने ती जुनी दुरुस्तीच वळसा घालून ओलांडली.

आपल्याकडे कॉलेजात वेब शिकलेल्या प्रत्येकाने एकदा तरी विंडोजवर झॅम्प टाकलेलं असतं. तर त्या झॅम्पची मूळ रचनाच या भोकाच्या तोंडी होती. ६ जूनला पीएचपीने ८.१, ८.२ आणि ८.३ साठी दुरुस्ती दिली, आणि पुढच्या काही दिवसांतच खंडणी मागणाऱ्या टोळ्या याचा वापर करू लागल्या.

८.०, ७ आणि ५ या शाखांतही भोक होतंच. पण त्यांची मुदत आधीच संपलेली, म्हणून त्यांना दुरुस्ती मिळाली नाही. ज्यांनी "चाललंय ना, चालू दे" म्हटलं होतं त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरले: एका रात्रीत आवृत्ती बदला, नाहीतर सर्व्हर बंद ठेवा. फोरमची आवृत्ती एका रात्रीत बदलायला गेलेल्या माणसाला विचारा, ती रात्र कशी असते.

दुसरी घटना: नवं टाकलं, म्हणून अडकले

आता उलट बाजू. माझ्या मते फोरम चालवणाऱ्यांनी ही जास्त लक्षात ठेवायला हवी.

मे २०२५ मध्ये व्हीबुलेटिन या जुन्या, विकत मिळणाऱ्या फोरम सॉफ्टवेअरमध्ये एक भोक जाहीर झालं: सीव्हीई-२०२५-४८८२७. बाधित आवृत्त्या ५.०.० ते ५.७.५ आणि ६.०.० ते ६.०.३. तीव्रता दहापैकी दहा. लॉगिन न करता बाहेरचा माणूस फोरमच्या आतल्या, फक्त आतूनच वापरायच्या फंक्शनना हाक मारू शकत होता. याच्या जोडीला दुसरं एक भोक वापरलं की सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. जाहीर झाल्यावर काही दिवसांतच प्रत्यक्ष हल्ल्यांचे प्रयत्न दिसले.

पण त्या नोंदीत एक अट आहे, ती बघा: हे सगळं पीएचपी ८.१ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर चालवलं तरच होतं.

असं का? पीएचपीमध्ये "रिफ्लेक्शन" नावाची सोय आहे. तिच्यामुळे प्रोग्राम स्वतःच्याच आतल्या फंक्शनांची यादी बघून त्यांना नावाने बोलावू शकतो. ८.० पर्यंत या मार्गाने "संरक्षित" फंक्शन बोलवायचं असेल तर आधी वेगळी परवानगी मागावी लागे, नाहीतर पीएचपी अडवत असे. ८.१ पासून ती अट काढली. बदल चोरून केलेला नव्हता, कागदपत्रांत नोंदवलेला होता. पण व्हीबुलेटिनचं दार पीएचपीच्या त्या अडवण्यावरच टेकलेलं होतं. पहारेकरी उठून गेला आणि दाराला कडीच नव्हती, हे नंतर कळलं.

म्हणजे समजा एखाद्या संचालकाने नेकीने पीएचपी ८.० वरून ८.१ वर नेलं, पण फोरम जुनाच ठेवला. त्याने सुरक्षा वाढवायला गेलेला बदल केला आणि सुरक्षा कमी झाली. त्याने बातम्यांत ऐकलेला सल्ला पाळला होता, फक्त अर्धा.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. सुरक्षित आवृत्ती असं काही सुटं नसतंच. असतो तो संच: फोरमची आवृत्ती, पीएचपीची आवृत्ती, डेटाबेसची आवृत्ती, खालच्या लिनक्सची आवृत्ती. चारही मिळून एकत्र तपासलेले असतील तर सुरक्षित, नाहीतर नाही.

"किमान" वाचतात, "कमाल" वाचत नाहीत

प्रत्येक फोरम सॉफ्टवेअरच्या माहितीपानावर "किमान एवढी पीएचपी हवी" असं लिहिलेलं असतं. लोक तेच वाचतात आणि वरची मर्यादा बघायचं विसरतात. ती मर्यादा त्या सॉफ्टवेअरच्या बारीक आवृत्तीवर अवलंबून असते. म्हणजे पीएचपीबीबी ३.३ "पीएचपी ८ वर चालतं" हे वाक्य अर्धवट आहे, तुमच्याकडे ३.३ मधली नेमकी कितवी आहे त्यावर ८ मधली कुठवर जाता येईल हे ठरतं. आणि त्यात तुम्ही वर चढवलेली एक्स्टेंशनं, थीम, जोडण्या आल्या की मर्यादा आणखी खाली येते. मूळ सॉफ्टवेअर तयार असतं, पण २०१६ मध्ये कुणीतरी लिहिलेली "आभार" बटणाची जोडणी तयार नसते.

पीएचपीने मधल्या काळात काय काय काढून टाकलं त्याची यादी छोटी नाही. ७.० मध्ये डेटाबेसशी बोलायची जुनी "मायएसक्यूएल" फंक्शनं गेली. ८.० मध्ये काही जुनी फंक्शनं गेली, आणि शून्य हा आकडा व शब्द यांची तुलना करायची पद्धतच बदलली. पूर्वी शून्याची कुठल्याही शब्दाशी तुलना "समान" यायची, आता येत नाही. ८.१ ने रिकाम्या किमतींबद्दल तक्रार सुरू केली, ८.२ ने ऐनवेळी तयार केलेल्या गुणधर्मांबद्दल. यातल्या तक्रारींनी साइट पडत नाही, पण लॉग फाइल मात्र भरभरून वाहते, आणि खरी चूक त्या गर्दीत हरवते.

डेटाबेस: इथे मराठीचा जीव आहे

पीएचपी चुकलं तर पांढरं पान दिसतं. परत मागे नेलं की सगळं जागेवर येतं. डेटाबेस चुकला तर पंधरा वर्षांचे धागे प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन बसतात. म्हणून जास्त वेळ इथे घालवा.

आधी मुदती. मायएसक्यूएल ५.७ ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलं. ८.० एप्रिल २०२६ मध्ये संपतंय. त्याच्या पुढचा दीर्घ मुदतीचा टप्पा ८.४, तो एप्रिल २०२४ मध्ये आला. ५.७ वरून थेट ८.४ वर उडी मारता येत नाही, मध्ये ८.० वर थांबावंच लागतं. आणि जागेवरच आवृत्ती चढवली की खाली उतरायला जिना नाही. परत यायचं तर आधी घेतलेल्या बॅकअपवरूनच.

दुसरा पर्याय मारियाडीबी. मायएसक्यूएलचे मूळ कर्ते मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये वेगळी काढलेली शाखा. तिची १०.६ ही आवृत्ती जुलै २०२६ पर्यंत, १०.११ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आणि ११.४ मे २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे.

दोन्ही एकच आहेत असं समजून इकडून तिकडे जाऊ नका. मायएसक्यूएल ८.० मध्ये अक्षरक्रम लावायचा नवा नियमसंच आला आणि तोच मूळ पर्याय झाला. तिथला डेटा उचलून मारियाडीबीच्या अनेक आवृत्त्यांत भरायला गेलात तर "हा नियमसंच माहीत नाही" म्हणून आयात पहिल्याच टेबलावर थांबते. थांबते हे चांगलंच. न थांबता चुकीचं भरलं गेलं असतं तर जास्त वाईट.

आता मराठीचा मुद्दा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. "नमस्कार" या शब्दात न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. मायएसक्यूएलमध्ये वर्षानुवर्षं ज्याला "युटीएफ८" म्हणत आले ते प्रत्यक्षात तीन बाइटपर्यंतच साठवणारं अर्धवट रूप होतं. आपली देवनागरी त्यात नेमकी मावली, म्हणून कुणाला शंका आली नाही. मग फोनवरून लोक लिहायला लागले आणि इमोजी आले. इमोजीला चार बाइट लागतात. जुन्या आवृत्त्यांत, सैल नियम लावलेले असताना, इमोजीच्या पुढचा सगळा मजकूर गुपचूप कापला जायचा. "ट्रेक भारी झाला" याच्यापुढे एक हसरा चेहरा, आणि त्यानंतरचे चार परिच्छेद गायब.

फक्त इमोजीच नाही. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, आणि तिची अक्षरंही चार बाइटची आहेत. मोडी शिकणाऱ्यांच्या एखाद्या गटाने आपल्या फोरमवर मोडीत लिहायचं ठरवलं तर जुन्या "युटीएफ८" टेबलात ते बसणारच नाही. उपाय आहे "युटीएफ८एमबी४", पूर्ण चार बाइटचं रूप. ते २०१० पासून उपलब्ध आहे आणि मायएसक्यूएल ८.० पासून मूळ पर्याय आहे. पण तुमची जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत. आवृत्ती चढवली तरी टेबलं जुन्याच रूपात राहतात. ती वेगळी बदलावी लागतात.

आणि सगळ्यात वाईट प्रकार तिसराच. २००५–२०१० च्या काळात उभ्या राहिलेल्या बऱ्याच साइटींत टेबल "लॅटिन-१" असं सांगतं आणि आत भरलेले बाइट मात्र युटीएफ-८ चे मराठी असतात. जुना फोरम आत टाकतानाही तेच खोटं बोलायचा आणि बाहेर काढतानाही, म्हणून दोन खोटी मिळून खरं दिसायचं. नवी आवृत्ती प्रामाणिक असते. ती टेबलावर विश्वास ठेवून "लॅटिन" मजकुराचं युटीएफ-८ मध्ये रूपांतर करते आणि मराठीच्या जागी टोप्या घातलेल्या युरोपीय अक्षरांचा काला दिसायला लागतो. याला औषध आहे: त्या स्तंभाला आधी "नुसते बाइट" प्रकारात नेऊन मग युटीएफ८एमबी४ म्हणून घोषित करणं. पण ते प्रतीवर करून बघायचं, चालू साइटवर नाही. आणि काला झालेला असताना सदस्यांनी नवे प्रतिसाद लिहिले की एकाच टेबलात दोन प्रकारचा मजकूर मिसळतो. मग तो सोडवणं म्हणजे तांदळातून साबुदाणा निवडणं.

आणखी एक बारीक गोष्ट. मायएसक्यूएल ८.० ने काही इंग्रजी शब्द स्वतःसाठी राखून ठेवले. त्यात "ग्रुप्स" आणि "रँक" हेही आहेत. फोरममध्ये सदस्यांचे गट असतात आणि हुद्दे असतात! टेबलांच्या नावांना पुढे उपसर्ग लावलेला असेल तर त्रास नाही. नसेल तर साधी सदस्य-यादीसुद्धा उघडत नाही.

लिनक्सची आवृत्ती: आकडा बघून घाबरू नका

इथे एक गैरसमज नेहमी होतो. उबुंटू २२.०४ मध्ये पीएचपी ८.१ येतं. मग वर तर म्हटलं ८.१ संपलं! पण उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल तिच्या मुदतीपर्यंत, म्हणजे २०२७ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतः त्या जुन्या आवृत्तीत आणून बसवते. आकडा ८.१.२ च दिसतो, पण आतून तो ठिगळं लावून मजबूत केलेला असतो. एखादं तपासणी-साधन "तुमचं पीएचपी असुरक्षित" असा लाल शेरा मारतं तेव्हा आधी हे बघा की तुमचं पीएचपी वितरणाच्या स्वतःच्या साठ्यातून आलंय की बाहेरून आणून टाकलंय. बाहेरून आणलं असेल तर ही सोय लागू नाही.

याच कारणाने लहान चर्चास्थळांना माझा सल्ला असतो: आधी वितरण निवडा, मग त्यातून जे पीएचपी आणि डेटाबेस येतं तेच वापरा.

- डेबियन १२: पीएचपी ८.२, मारियाडीबी १०.११
- डेबियन १३ (ऑगस्ट २०२५): पीएचपी ८.४, मारियाडीबी ११.८
- उबुंटू २४.०४: पीएचपी ८.३, मायएसक्यूएल ८.०, नेहमीची मुदत २०२९ पर्यंत

सेंटओएस ७ वर अजून कोणी असाल तर ते ३० जून २०२४ लाच संपलं. सेंटओएस ८ ची मुदत तर आधी २०२९ सांगितली होती आणि ती २०२१ च्या अखेरीला आणली गेली. त्यातून अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स जन्माला आले. जाहीर केलेली मुदतही बदलू शकते, हा त्यातला धडा.

ड्रुपलवाल्यांची वेगळी कथा

मायबोली, मिसळपाव यांसारखी मराठी आंतरजालावरची जुनी चर्चास्थळं ड्रुपलवर वाढली. "धागा", "प्रतिसाद", "व्यनि" हे शब्द आपल्याला अशाच स्थळांनी दिले. कुठल्या स्थळाच्या पोटात आज काय आहे यात मी जात नाही. पण ड्रुपल ७ वर जे कोणी लहान-मोठे गट अजून असतील त्यांनी हे ऐकावं. २०११ मध्ये आलेलं ड्रुपल ७ ५ जानेवारी २०२५ ला संपलं. तिथून ड्रुपल १० किंवा ११ वर जाणं म्हणजे आवृत्ती चढवणं नव्हे, घर बदलणं: नवी साइट उभी करायची आणि सामान हलवायचं. ड्रुपल ११ ला किमान पीएचपी ८.३ लागतं. आणि त्यातून चर्चेचं "फोरम" मॉड्यूल मूळ संचाबाहेर काढलंय. ते आता वेगळं घ्यावं लागतं. ज्यांना एवढं झेपणार नाही त्यांच्यासाठी ड्रुपल ७ पासूनच फुटून निघालेला बॅकड्रॉप हा पर्याय बघण्यासारखा आहे.

या सगळ्या भानगडीतून सुटायचा एक मार्ग डिस्कोर्सने दाखवला. ते रुबीवर चालतं, डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल, आणि अधिकृत पद्धत एकच: डॉकरचा डबा. कुठल्या आवृत्त्या एकत्र नांदतात हे त्यांनीच ठरवून डब्यात भरलेलं असतं. तुमची निवड संपते आणि तिच्याबरोबर डोकेदुखीही बरीचशी संपते. किंमत म्हणजे स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर ते चालत नाही, स्वतःचा सर्व्हर लागतो.

मग निवडायचं कसं?

मी वापरतो ती पद्धत साधी आहे. कागदावर चार ओळी काढा: फोरम, पीएचपी, डेटाबेस, लिनक्स. प्रत्येकीसमोर तीन गोष्टी लिहा: आज काय आहे, किती वर जाता येतं, मुदत कधी संपते. चारही ओळींतली सगळ्यात जवळची तारीख ही तुमच्या साइटची खरी तारीख.

मग हे नियम:

१. सगळ्यात नवी नको, तिच्या आधीची घ्या. आज पीएचपी ८.५ फोरमसाठी लवकर होतंय. ८.३ किंवा ८.४ योग्य. जोडण्या लिहिणाऱ्यांनाही जुळवून घ्यायला वर्षभर लागतं.

२. आधी फोरम चढवा, मग पीएचपी. व्हीबुलेटिनची घटना आठवा. जी फोरम-आवृत्ती जुन्या आणि नव्या दोन्ही पीएचपीवर चालते तिच्यावर आधी या, आठवडाभर राहा, मग खालचं पीएचपी बदला. दोन्ही एका दिवशी बदललं तर बिघाड कुणामुळे झाला हे कळत नाही.

३. डेटाबेसला वेगळा दिवस द्या. अक्षरसंचाचं रूपांतर आणि आवृत्तीची चढण एकत्र करू नका.

४. तपासणी मराठीत करा. प्रतीवर सगळ्यात जुना धागा उघडा, एक जोडाक्षरांनी भरलेला प्रतिसाद उघडा, इमोजी टाकून नवा प्रतिसाद लिहा, मराठी शब्द शोधून बघा. मुखपृष्ठ दिसलं म्हणजे झालं असं नाही.

५. बॅकअप उलगडून बघा. न उलगडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा. उलगडल्यावर जुन्या आणि नव्या टेबलांतल्या ओळी मोजा.

शेअर्ड होस्टिंगवर असाल तर निवड अर्धीच तुमच्या हातात असते. पीएचपीची आवृत्ती पॅनेलमधून बदलता येते, डेटाबेसची येत नाही. माझ्या ओळखीच्या एका वाचनगटाच्या होस्टिंग कंपनीने एका रात्री ठरावीक ईमेल पाठवून सगळ्यांचं पीएचपी ७.४ वरून ८ वर नेलं. सकाळी फोरम पांढरा. ईमेल गेला होता तो गटाच्या एका माजी सचिवाच्या बंद पडलेल्या पत्त्यावर. म्हणून सहावा नियम जोडतो: होस्टिंगच्या खात्यावरचा ईमेल पत्ता आज कोण वाचतं, ते तपासा.

कायद्याचंही बघायला हवं

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतील, म्हणजे २०२७ च्या मध्याच्या आसपास. फोरमकडे सदस्यांचे ईमेल, पासवर्ड, आयपी पत्ते आणि खासगी निरोप असतात. वैयक्तिक किंवा घरगुती वापर कायद्यातून वगळलाय, पण शेकडो लोकांची नोंदणी घेणारं स्थळ त्या सवलतीत बसेल असं मला वाटत नाही. "वाजवी सुरक्षा" न ठेवल्याचा दंड कमाल २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. लहान मंडळाला एवढा होईल असं कोणी म्हणत नाही. पण मुदत संपून तीन वर्षं झालेलं पीएचपी "वाजवी" कसं, हा प्रश्न विचारला गेला तर उत्तर तयार हवं.

हे सगळं कशासाठी?

मला नेहमी विचारतात, एवढा त्रास घेण्यापेक्षा व्हॉट्सॲप ग्रुप का नको? कारण साधं आहे. २०१२ मध्ये कुणीतरी लिहिलेली आडवाटेच्या किल्ल्यावरच्या पाण्याच्या टाक्याची माहिती, त्याखाली २०१७ मध्ये "आता टाकं आटतं" असा प्रतिसाद आणि २०२३ मध्ये त्याला दुजोरा, हे तिन्ही एका जागी फक्त फोरमवरच राहतं. ग्रुपमध्ये ते फोन बदलताना वाहून जातं. आवृत्त्यांचा हा कंटाळवाणा हिशेब म्हणजे त्या धाग्याचं भाडं आहे. ते वेळेवर भरलं तर फारसं महाग नाही. थकवलं तर एक दिवस सगळं एकदम भरावं लागतं, बऱ्याचदा मजकुराच्या रूपात.

आज करायचं काम दहा मिनिटांचं आहे. वरच्या चार ओळींचा कागद काढा. सगळ्यात जवळची तारीख डिसेंबर २०२६ च्या पुढची असेल तर निवांत राहा, दिवाळीनंतर परत बघा. ती मागे पडलेली असेल, किंवा ती ओळ मायएसक्यूएल ८.० ची असून वितरणाचा आधार नसेल, तर या महिन्यातला एक रविवार राखून ठेवा. आणि चालू साइटला हात लावायच्या आधी प्रतीवर सगळ्यात जुना मराठी धागा उघडून वाचा. तो नीट वाचता आला तरच पुढे जा.